कालिंदीबाईंनी मराठी सुभा राखिला त्याची हकीकत

श्री. ज्याने अक्षरास नाद दिला आणि नादास ऐकणारा कान दिला, त्यास प्रथम नमन. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, चैत्र मास, ते समयीचे वर्तमान. सभाजनांनी सेवकास आज्ञा केली की, बोलक्या राज्यातील मराठी सुभा बुडता बुडता कैसा राहिला, कोणी राखिला, कोण कुमकेस आले, हे साद्यंत लिहून ठेवावे, पुढे येणारांस उपयोगी पडेल. त्यावरून ज्यांच्या त्यांच्या मुखे जैसे ऐकिले तैसे लिहिले असे. पदरचे घातले असेल तर मिठाइतके. त्याविना स्वयंपाक होत नाही.

त्या राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. राज्य जमिनीचे नव्हे, संगणकाच्या प्रोग्रामचे. ज्यांस डोळ्यांनी दिसत नाही, त्यांस पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा, हे त्या प्रोग्रामचे काम. विकतचे ऐसे प्रोग्राम आहेत, परंतु हा फुकट, म्हणोन गोरगरीब, विद्यार्थी, शिक्षक, टेलिफोनवर बसणारे, तमाम लोक यावरच चालत. आणि नवल ते हे की, या राज्यास राजा नाही, तख्त नाही. जगभरचे लोक आपापल्या घरी बसून, आपला रोजगार सांभाळून, जमेल तैसे ते बांधीत असत, आणि पायापासून कळसापर्यंत सारी बांधणी सर्वांस उघडी. कोणीही यावे, तपासावे, कोठे चिरा ढळला असल्यास दुरुस्ती करोन पाठवावी, आणि कारभारी मंडळींनी ती पारखून बरी असल्यास सामील करोन घ्यावी, नसल्यास कारण लिहून परत करावी, ऐसा शिरस्ता. यासच ओपन सोर्स म्हणतात. त्यात भाषेभाषेचा सुभा निराळा, आणि प्रत्येक सुभ्यात त्या भाषेचे उच्चार कैसे करावे याचे नियम लिहिलेले. मराठी सुभा पूर्वी एका हौशी गृहस्थाने वसविला, आणि मग ते गृहस्थ नोकरीत आणि संसारात गुंतोन निघोन गेले, आणि मग सुभ्याकडे कोणी फिरकले नाही. नियम जुने जाहले, तक्रारी साचल्या, उत्तर देणार कोणी उरला नाही.

ते समयी जालना शहरी कालिंदीबाई ओव्हाळ म्हणोन कॉलेजात इतिहासाच्या प्राध्यापिका होत्या. बाळपणी डोळ्यांच्या दुखण्यात दृष्टी गेली, परंतु विद्या सोडिली नाही. ब्रेलवर शिकल्या, मग संगणकावर शिकल्या, आणि शिकवणे ऐसे की मागच्या बाकावरचा विद्यार्थीही मान वर करोन ऐके. बाईंचा परिपाठ असा की, एका कानात यंत्राची लहानशी नळी घालावी, यंत्राने हळू बोलावे आणि बाईंनी मोठ्याने बोलावे; सभेस वाटावे, बाई तोंडपाठ बोलतात. त्या चैत्रात कॉलेजच्या प्राचार्यांचा निरोपसमारंभ जाहला. थोर थोर मंडळी आली. आभाराचे काम बाईंकडे आले आणि कार्यालयाने आभाराचा मजकूर ऐनवेळी पाठविला. मजकुरात लिहिले होते की, आचाऱ्यांनी पहाटेपासून चुलीपाशी राबून एवढ्या लोकांचे भोजन सिद्ध केले, त्यांचे आभार. आता मराठीत आचारी तो स्वयंपाकी आणि आचार्य तो गुरू. आचाऱ्यांनी म्हणजे स्वयंपाक्यांनी आणि आचार्यांनी म्हणजे गुरूंनी. दोहोंत र काय तो निराळा, एक हलका आणि एक जड. परंतु यंत्रास त्या दोन र-कारांतील भेद ठाऊक नव्हता. यंत्राने कानात सांगितले आचार्यांनी, आणि बाईही ओघात तैसेच बोलून गेल्या की, आचार्यांनी पहाटेपासून चुलीपाशी राबून भोजन सिद्ध केले. व्यासपीठावर आचार्य पदवीचे एक वृद्ध पंडित बसले होते, ते शेजारच्यास म्हणाले, "आज मला माझ्याबद्दल नवीनच कळलं." माईक चालू होता. सभा हसली, पंडित हसले, बाईही हसल्या. परंतु घरी गेल्यावर बाईंस अन्न गोड लागले नाही. चूक माझ्या तोंडून गेली, आणि चूक माझी नव्हती, हे सभेतील कोणास कळणार, आणि यंत्रावर विसंबणाऱ्या किती जणांची ऐशी गत होत असेल, हेच मनात घोळू लागले.

दुसरे दिवशी स्टाफरूममध्ये फिरोज मुल्ला भेटले. हे त्याच कॉलेजात संगणक शिकवीत. बोलणे रोखठोक, मन निर्मळ. बाईंनी घडले ते सांगितले. फिरोजमियांनी विचारिले, "मॅडम, तक्रार नोंदवलीत?" बाई म्हणाल्या, "कुणीतरी कधीच नोंदवली आहे. त्याखाली एकानं लिहिलंय, मलाही हेच होतं. त्याखाली आणखी एकानं, मलाही. उत्तर कुणाचंच नाही." मग फिरोजमियांनी आपला लॅपटॉप उघडून त्या राज्याच्या चावडीवर काय लिहिले आहे ते पाहिले, आणि पाहतापाहता खुर्ची पुढे ओढिली. बाईंनी विचारिले, "काय झालं?" ते म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत काही भाषा काढून टाकणार आहेत. ज्यांना सांभाळणारं कुणी नाही अशा. मराठी आहे त्यात." बाई म्हणाल्या, "काढणार म्हणजे?" ते म्हणाले, "म्हणजे दिवाळीनंतर नवीन आवृत्ती घेतलीत की मराठी मजकूर हिंदी आवाजात ऐकायचा." बाई म्हणाल्या, "म्हणजे बाळाचा बाल होणार." ते म्हणाले, "आणि माळ्याचा माल्या." बाईंनी पुसले, यावर इलाज काय. फिरोजमियां म्हणाले, "इलाज एकच. कुणीतरी सांभाळायचं." बाई म्हणाल्या, "तुम्ही सांभाळा." ते म्हणाले, "मला वेळ नाही, हे तोंडावर सांगतो. आणि मला प्रोग्रामिंग येतं, पण तिथं जे मोडलंय ते मराठी आहे. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. वाट मी दाखवीन, चालायचं तुम्ही." बाई म्हणाल्या, "फिरोज सर, मी इतिहासाची बाई. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." ते म्हणाले, "दोन महिन्यांपूर्वी मला तुमच्या विषयातलं कळत नव्हतं, आणि तुम्ही मला जेवणाच्या सुट्टीत सगळं पानिपत समजावलंत. तसंच करू." ऐशी मसलत ठरली.

मग बाई त्या राज्यात प्रवेशत्या जाहल्या. नवख्यांसाठी वेशीवर मार्गदर्शिका लिहिलेली होती. तीत सांगितले होते की, येताच मोठ्या कामास हात घालू नये, लहान दुरुस्ती करोन रीत समजून घ्यावी. बाईंनी ती यंत्राकडून वाचून घेतली आणि दुसऱ्याच पायरीस अडल्या. तेथे लिहिले होते की, डावीकडील हिरव्या चित्रावर क्लिक करावे. चित्रास नाव दिलेले नव्हते, आणि नाव नसल्यावर यंत्र ते वाचणार कैसे. बाई म्हणाल्या, "आंधळ्यांसाठी बांधलेल्या राज्याच्या वेशीवर पाटी अशी, की दिसत असेल तरच आत या." आणि मग हीच आपली पहिली दुरुस्ती, असा निश्चय केला. चित्राच्या जागी कीबोर्डवरची कोणती बटणे दाबावी हे एका ओळीत लिहिले. फिरोजमियांनी रीत शिकविली की, प्रथम संपूर्ण राज्याची एक नक्कल आपल्या यंत्रावर उतरावी, मूळ राज्यास धक्का न लावता त्या नकलेत बदल करावा, आणि मग कारभाऱ्यांस अर्जी करावी की, एवढा बदल केला आहे, पसंत असल्यास घ्यावा. सर्व सिद्ध जाहले आणि शेवटचे बटण दाबणे राहिले, तो बाईंनी हात मागे घेतला. फिरोजमियां म्हणाले, "दाबा मॅडम. फार तर नाही म्हणतील." बाई म्हणाल्या, "सगळ्या जगासमोर नाही म्हणतील." आणि दाबिले.

त्या राज्यात हेल्गाबाई म्हणोन उत्तरेकडील बर्फाळ देशीच्या एक जाणत्या कारभारीण होत्या. येईल ती दुरुस्ती त्यांच्या नजरेखालून जाई. वचक मोठा, लिहिणे तोलून मापून. त्यांचे उत्तर आले, ते यंत्राने बाईंस वाचून दाखविले की, आपण एक ओळ बदलली म्हणता, परंतु येथे संपूर्ण फाईल बदललेली दिसते, ऐसे घेता येत नाही. बाईंनी एवढेच ऐकिले आणि लॅपटॉप मिटला. मग परीक्षा आल्या, पेपर आले, घरी पाहुणे आले, आणि बाई त्या वेशीकडे फिरकल्या नाहीत. वर्गात मात्र शिकवताना त्यांचा सूर लागेना. एके दिवशी फिरोजमियांनीच विषय काढिला, "वाईट वाटलं का?" बाई म्हणाल्या, "लाज वाटली. एक ओळ नीट बदलता येत नाही, आणि चालले सुभा राखायला." ते म्हणाले, "त्या बाईंनी खाली आणखी लिहिलंय. ते ऐकलंत?" बाईंनी ऐकिले नव्हते. मग तेथेच नळी कानात घालून पुढील मजकूर ऐकिला. हेल्गाबाईंनी लिहिले होते की, आपल्या यंत्राने प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारे एक निराळे चिन्ह घातले आहे, त्यामुळे सर्वच ओळी बदललेल्या भासतात; असे नव्याने येणाऱ्या पुष्कळांचे होते, आणि दोष त्यांचा नव्हे, कारण मार्गदर्शिकेत ही गोष्ट आम्ही कोठे लिहिलीच नाही; नव्या माणसास काय ठाऊक नसते हे आम्ही जुने लोक विसरलो; तर ते वाक्यही आपणच लिहून द्याल काय. बाईंनी ते दोनदा ऐकिले. मग म्हणाल्या, "सर, ते चिन्ह कसं घालवायचं ते दाखवा." चिन्ह गेले, ओळ दुरुस्त जाहली, आणि तिच्यासोबत नवख्यांस सावध करणारे वाक्यही गेले. हेल्गाबाईंनी दोन्ही स्वीकारिले आणि राज्याच्या कारागिरांत कालिंदीबाईंचे नाव चढले. बाईंनी ते नाव यंत्राकडून वाचून घेतले. यंत्र इंग्रजी चालीवर म्हणाले, कॅलिंडी ओव्हल. फिरोजमियांस हसू आवरेना. बाई म्हणाल्या, "हसू नका. कामाच्या यादीत लिहून घ्या."

मग बाईंनी खऱ्या दुखण्यास हात घातला. उच्चाराचे नियम ज्या फाईलींत होते त्या उघडिल्या, आणि एक एक नियम ऐकत, मोडत, पुन्हा जोडत, प्रोग्रामची बोली शिकू लागल्या. सकाळी कॉलेजास जाण्यापूर्वी चहाबरोबर नियम, दुपारी सुट्टीत फिरोजमियांस शंका, ऐसा क्रम चालला. बाई म्हणत, "हे तर व्याकरणच आहे. फक्त इथं अपवाद विसरलात तर गुरुजी छडी मारत नाहीत, प्रोग्राम बंद पडतो." शोधता शोधता सापडले की, पूर्वीच्या गृहस्थाने सोयीसाठी एक नियम घातला होता, की मराठीतला हलका र आला की तो साध्या र-कारासारखा मानावा. तेथेच सर्व घोळ. त्या नियमामुळे दऱ्यांचा दर्या होई, आणि आचाऱ्याचा आचार्य होई. बाईंनी तो नियम काढिला, दुसरा बसविला, आणि यंत्रास बोलते केले. यंत्र म्हणाले, दऱ्या. बाईंनी पुन्हा बोलविले. यंत्र पुन्हा म्हणाले, दऱ्या. बाईंची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, किती वेळा तेच ते." बाई म्हणाल्या, "आई, इतकी वर्षं चुकीचं ऐकलं, आता थोडं बरोबर ऐकू दे." आणि मोठ्या उमेदीने दुरुस्ती पाठविली.

तो इकडे कजिया उभा राहिला. नेपाळी सुभ्याचे रखवालदार लोकेन्द्र थापा, काठमांडूचे राहणारे, मोठे करारी. त्यांचे लिहिणे आले की, ज्या फाईलीस आपण हात लाविला ती देवनागरी लिहिणाऱ्या सर्व भाषांची सामाईक आहे. आपण आपल्या घरची खिडकी मोठी केली आणि भिंत माझी पाडली. ती लावून पाहिली तो आमचे नेपाळी शब्द यंत्र तुकडे करोन वाचते. ही दुरुस्ती घेऊ नये. हे सर्व राज्याच्या चावडीवर, सर्वांदेखत. फिरोजमियांस धाकधूक जाहली की, बाई पुन्हा लॅपटॉप मिटतील. परंतु बाईंनी मिटला नाही. त्यांनी तेथेच उत्तर लिहिले की, आपले म्हणणे खरे आहे, ती फाईल सामाईक आहे हे मला कळले नाही. आपल्याशी बोलता येईल काय. मग दोघे कॉलवर बोलले, हिंदीत, दोघांचीही हिंदी आपापल्या गावची. थापांनी नेपाळीतले शब्द उच्चारून दाखविले, बाईंनी मराठीतले, आणि दोघांस कळले की, तोच हलका र त्यांच्याकडेही आहे आणि त्यांनी त्यासाठी फार खटपट करोन नियम बसविला होता, तोच बाईंच्या हातून मोडला. बाई म्हणाल्या, "मी तुमची बसवलेली वस्तू मोडली. आधी ती होती तशी करते. मग माझ्यापुरती जागा कुठं करता येईल ते तुम्ही सांगा." थापा म्हणाले की, सामाईक फाईल जैसी आहे तैसी राहू द्यावी, आणि मराठीपुरता नियम मराठीच्या आपल्या फाईलीत लिहावा, तो नंतर वाचला जातो म्हणोन तोच वरचढ ठरेल. ही युक्ती त्यांस स्वतःस फार दिवसांनी सापडली होती, ती त्यांनी बाईंस एका बैठकीत दिली. बाईंनी तैसेच केले. नेपाळी साबूत राहिली आणि मराठीही बोलू लागली.

तो नव्या आवृत्तीची मुदत जवळ आली. हेल्गाबाईंनी बाईंस लिहिले की, दुरुस्त्या उत्तम आहेत, परंतु सुभा राखण्यास एवढे पुरेसे नाही. मराठी बोलणाऱ्या आणि यंत्र रोज वापरणाऱ्या लोकांनी हे तपासून पसंत केले पाहिजे, आणि मग सभेपुढे मसलत होईल. बाईंनी कुमक मागविली. ज्यांची ज्यांची ओळख होती त्यांस फोन केले, त्यांनी त्यांच्या ओळखीच्यांस केले, आणि नागपूर, रत्नागिरी, नाशिक, कोल्हापूर, चहूकडून दृष्टिहीन मंडळी एका ग्रुपवर जमा जाहली. जमताच भांडण. रत्नागिरीकर म्हणत की, यंत्राने आमच्यासारखे नाकातून बोलावे. नागपूरकर म्हणत की, मग आम्ही हिंदीच ऐकू. बाईंनी निवाडा केला की, "शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसाला एका दमात कळेल असं वाचलं की पुरे. लाडीगोडी पुढच्या आवृत्तीत बघू." तो सर्वांस मानवला. आणि लोक कामास लागले. कोणी वर्तमानपत्र वाचविले, कोणी सातबारा वाचविला, कोणी स्तोत्र, आणि जेथे यंत्र अडखळले ते शब्द बाईंकडे धाडिले, आणि बाईंनी नियम घडवावे, आणि मंडळींनी पुन्हा ऐकावे, ऐसे पावसाळाभर चालले.

त्यांत मिरजेचे अनंतराव शेलार म्हणोन तबल्याचे उस्ताद होते, सर्व त्यांस अण्णा म्हणत. त्यांचा कान ऐसा की, मात्रेचा केस ढळला तरी कळे. मुदत अगदी तोंडावर आली असता त्यांचा फोन आला. म्हणाले, "बाई, वाऱ्यावर बरोबर येतं. कऱ्हाड येत नाही. यंत्र म्हणतं करहाड." बाई म्हणाल्या, "अण्णा, मुदत संपत आली. एका गावाचं नाव चालवून घेता येणार नाही का?" अण्णा म्हणाले, "दुसरं कुठलंही चालवलं असतं. ती माझी सासुरवाडी आहे. बायकोला काय तोंड दाखवू?" बाई हसल्या, परंतु काळजी लागली, कारण ते एक नाव नव्हते, हलक्या र-कारापुढे ह आला की सर्वत्र तेच होत असणार. फिरोजमियां बहिणीच्या लग्नास औरंगाबादेस गेलेले. फोन लाविला तर वाजंत्र्यांपलीकडे काही ऐकू येईना. मग बाई एकट्या बसल्या. नियम वरून खालपर्यंत ऐकिले, आणि पुन्हा ऐकिले. प्रथम वाटले ह-काराचा नियम चुकला आहे, तो बदलला, तर दुसरेच शब्द बिघडले. तो पूर्ववत केला. मग वाटले आपलाच नवा नियम चुकला, तो तपासला, तर निर्दोष. बाई उठल्या, आईसोबत भाजी निवडू लागल्या, आणि मेथीची पाने खुडता खुडता ध्यानात आले की, नियम दोन्ही बरोबर आहेत, क्रम चुकला आहे. ह-काराचा नियम आधी येऊन आपले काम उरकतो, आणि मग हलक्या र-कारास करण्यास काही उरतच नाही. जैसे पंगतीत पुढच्याने सर्व वाढून घ्यावे आणि मागच्याने पान घेऊन बसावे. बाईंनी हात पुसले, एक नियम उचलून दुसऱ्याच्या वर ठेविला, आणि यंत्रास बोलविले. यंत्राने कऱ्हाड म्हटले, गुऱ्हाळ म्हटले, तऱ्हा म्हटली, आणि एकही चुकले नाही. हे काम बाईंनी कोणास न विचारता केले. तेव्हा त्यांस जे वाटले ते त्यांनी पुढे सेवकास सांगितले, की "पहिल्यांदा वाटलं, हे घर माझंही आहे."

मग सभा भरली. जगभरचे कारभारी कॉलवर आले, कोणाच्या घरी सकाळ, कोणाच्या घरी संध्याकाळ. मराठी मंडळींनीही ऐकण्यास यावे ऐशी परवानगी जाहली. बाईंच्या खोलीत फिरोजमियां भाषांतरास बसले. हेल्गाबाईंनी मराठीचा विषय काढिला. तेव्हा एक कारभारी गृहस्थ बोलिले की, दुरुस्त्यांविषयी तक्रार नाही, परंतु आम्ही हे पूर्वीही पाहिले आहे. कोणी उत्साहाने येतो, काम करतो, वर्षभरात निघोन जातो, आणि सुभा पुन्हा उजाड. या बाई नवख्या आहेत, यांच्या भरवशावर लाखो लोकांस कैसे ठेवावे. बोलणे कठोर होते, परंतु खोटे नव्हते. तो लोकेन्द्र थापा बोलिले, जे सहसा सभेत बोलत नसत. म्हणाले की, "या बाईंनी माझं काम मोडलं होतं. मोडून पळाल्या नाहीत. आधी माझं दुरुस्त करून दिलं, मग स्वतःचं केलं. माझ्या इतक्या वर्षांत असं करणारी माणसं मी हाताच्या बोटांवर मोजलीत." मग हेल्गाबाईंनी बाईंस थेट विचारिले की, दुरुस्ती देऊन जाणारे पुष्कळ येतात, राहणारे थोडे, आपण राहाल काय. फिरोजमियां भाषांतर करू लागले, तो बाईंनी हात करोन थांबविले. प्रश्न समजला होता. इंग्रजीतच म्हणाल्या की, मी राहीन. आणि उद्या मला काही जाहले तरी सुभा बेवारस पडणार नाही, कारण मी एकटी आलेली नाही. आणि मग मराठीत म्हणाल्या, "बोला मंडळी." तो ग्रुपवरचे सारे, जे तोवर मौन धरोन ऐकत होते, एकामागोन एक आपापले नाव आणि गाव सांगू लागले. अनंतराव शेलार, मिरज. मग नाशिकच्या एक बाई. मग नागपूरचे टेलिफोनवाले. मग रत्नागिरीकर, नाकातूनच. नावे संपेनात. शंका घेणारे गृहस्थच शेवटी म्हणाले की, पुरे, पुरे, माझे मत बदलले. हेल्गाबाईंनी त्याच बैठकीत सर्वांदेखत बाईंच्या दुरुस्त्या राज्यात सामील केल्या, आणि मराठी सुभ्याच्या रखवालीवर कालिंदी ओव्हाळ हे नाव लिहिले. फिरोजमियां पडद्याकडे पाहोन म्हणाले, "झालं, मॅडम. आत गेलं." आणि नाक ओढीत चष्मा पुसू लागले. बाईंनी विचारिले, "रडताय की काय?" ते म्हणाले, "मराठीत सुरेख काही ऐकलं की होतं असं."

दिवाळीनंतर नवी आवृत्ती निघाली. त्या दिवशी जालन्यास कॉलेजच्या सभागृहात आसपासची दृष्टिहीन मंडळी जमली, आणि बाकीचे आपापल्या गावाहून कॉलवर आले. बाईंनी सांगितले की, सर्वांनी एकदम सुरू करा, आणि ज्यास जे ऐकावेसे वाटेल ते वाचवा. मग एकदम शेकडो यंत्रे बोलू लागली. कोठे लग्नपत्रिका, कोठे कायद्याचे कलम, कोठे मुलीचा आलेला निरोप, कोठे पाककृती, कोठे परीक्षेचा निकाल; कोणाचे कोणास ऐकू येईना, आणि कोणीही थांबेना. सभागृहाबाहेर चहावाला येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आत काय बाजार भरलाय?" दारातील एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाजार नाही रे. नौबत वाजतेय." आणि ती नौबत पुष्कळ वेळ वाजत राहिली.

येणेप्रमाणे मराठी सुभा राहिला. फत्ते जाहली ती एका ओळीच्या दुरुस्तीपासून. ती एक ओळ परत आली, तेव्हा पुढचे वाक्य ऐकण्याइतका धीर धरिला म्हणोन. आणि मोडले ते आधी जोडून दिले म्हणोन. आज तारखेस सुभ्यावर बाईंच्या हाताखाली आणखी माणसे कामास आहेत, त्यांत अनंतराव शेलारही आहेत, आणि नेपाळी सुभ्याशी सलोखा आहे. मजकूर पुरा होताच सेवकाने तो यंत्राकडून वाचून ऐकिला, कारण सेवकास दुसरा मार्ग नाही. जाहले, करोन, बोलिले, सारे जुने शब्दही यंत्राने स्वच्छ उच्चारिले, एकही अक्षर अडले नाही. जे ऐकिले ते असे. लेखनसीमा.